डावीकडची सीट

लाल गाडी घ्यायला सिन्नरचा माणूस येणार होता, म्हणून लंकाबाईनं सकाळीच शेडचा पडदा वर गुंडाळून ठेवला. गाडी धुवायला मात्र तिनं कुणाला हात लावू दिला नाही. गिऱ्हाइकाला माल असेल तसा दाखवायचा, ही तिची चाळीस वर्षांची रीत. फुलबाजारात तिच्या क्रेटमध्ये वर ताजा गुलाब आणि खाली शिळा, असं कधी झालं नव्हतं. मग गेलेल्या लेकाच्या गाडीला तरी पावडर-लाली कशाला करायची?

गोरक्षला जाऊन अकरा महिने झाले होते. वर्षश्राद्धाच्या आत ही गाडी दारातून गेली पाहिजे, असा लंकाबाईचा हुकूम. सून सुवर्णा त्यावर हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. तिचं हे गप्प राहणं लंकाबाईला फार बोचायचं. भांडणारी सून असती तर निदान घरात आवाज तरी झाला असता.

अकराच्या सुमाराला दीपक आला. तिशीचा, डोक्यावर गॉगल चढवलेला, सिन्नरच्या एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप असलेला. मित्र त्याला फाटकाशी सोडून निघून गेला. म्हणजे हा परत जाणार तो गाडी घेऊनच, हे लंकाबाईनं ओट्यावरून ओळखलं.

"मावशी, बोलणं तर फोनवर झालंच आहे," तो म्हणाला. "पण गाडी वापरलेल्या माणसांकडून ऐकावं म्हटलं. चांगलं-वाईट जे असेल ते सांगून टाका."

"आधी वाईट ऐक. चांगलं आधी सांगितलं तर वाईट तुला ऐकूच यायचं नाय."

दीपक हसला. लंकाबाई हसली नाही.

"ही बघ केवढी बुटकी हे. बसायचं म्हंजी भुईवर बसल्यागत, अन् उठायला दुसऱ्यानं हात द्यावा लागतो. येताना फाटकापुढचा गतिरोधक बघितला का? त्याच्यावर सरळ घातली की पोट घासतं, खर्रकन. तिरपी घ्यायची. आधी एक चाक, मग दुसरं. टप कापडाचा, डाव्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं, पावसाळ्यात फडकं कोंबून ठेवावं लागतं. डिकीत गुलाबाचं एक क्रेट बसत नाय. एक पण नाय! शेतकऱ्याच्या घरची गाडी ही! पेट्रोल तर असं पिती, जसं काय उन्हातनं चालून आली. अन् काही मोडलं तर दीड महिना सामान येत नाय. अंबडला एकच मिस्त्री हिला हात लावतो, तो पण दहा फोन केल्यावर."

"बऱ्याच फिरलेल्या दिसता हिच्यात."

"मी? मी पायसुद्धा नाय ठेवला."

खरं होतं ते. तीन वर्षं तिनं ती गाडी ओट्यावर बसूनच पाहिली होती. तोंड फिरवून, कान मात्र तिकडेच. गोरक्ष गंगापूर रोडवरून आत वळला की तिला इथं बसल्या जागी कळायचं. गतिरोधकापाशी आवाज बारीक व्हायचा, क्षणभर थांबायचा, मग गाडी तिरपी होऊन फाटकात यायची. गोरक्ष उतरून आईकडे बघायचा आणि आई तांदूळ निवडत असायची, हातात तांदूळ नसले तरी.

"अन् सगळ्यात मोठा दोष सांगते," लंकाबाई म्हणाली. "हिच्यात दोनच माणसं बसत्यात. आडवं कुणाला करताच येत नाय."

दीपकनं गाडीच्या बॉनेटवरची धूळ बोटानं पुसली.

त्या दिवशी गोरक्ष पॉलीहाऊसमध्ये छाती धरून बसला होता. सुवर्णा धावत शेडकडे गेली, चावी घेऊन आली. पण शेजारचा चिमाजी म्हणाला, हिच्यात याला निजवायचं कुठं, आणि ही मला चालवता तरी कुठं येते? मग त्याच्याच पिकअपमध्ये झेंडूचे क्रेट बाजूला सारून गोरक्षला निजवलं. डोकं आईच्या मांडीवर. दवाखान्याच्या अलीकडच्या सिग्नलला ते डोकं एकदम जड झालं. शंभराच्या पुढं पळणारी गाडी शेडमध्ये उभी, आणि तिचा मालक फुलांच्या टेम्पोत गेला. तेव्हापासून लंकाबाईनं त्या शेडचा पडदा पाडला होता, तो आज उघडला.

सुवर्णा चहा घेऊन बाहेर आली. दीपकनं विषय बदलायचा म्हणून विचारलं, "वहिनी, दोष तर कळले. आता तुम्ही काहीतरी चांगलं सांगा बुवा."

सून काय बोलणार, असं लंकाबाईला वाटलं. पण सुवर्णा बोलली.

"वळणावर हलत नाही. त्र्यंबक रोडला ते मोठं वळण आहे ना, तिथं बाकीच्या गाड्या दबकतात, ही चिकटून जाते. ब्रेक दाबला की जागच्या जागी थांबते. टप उघडायला एवढासा वेळ लागतो. टप उघडला की मग..." ती थांबली. "मग ते मोकळे दिसायचे. घरात नाही दिसायचे तेवढे. शाळेची पोरं हात करायची, तर हे प्रत्येकाला हात करायचे. एकालाही सोडायचे नाहीत."

"तुम्ही चालवता?"

"नाही. मी मागून बघायचे."

"मागून म्हणजे?"

"मी स्कूटीवर असायचे ना."

दीपकला वाटलं ती चेष्टा करते आहे. "म्हणजे साहेब गाडीत आणि तुम्ही मागं स्कूटीवर?"

"नखरे, दुसरं काय!" लंकाबाई मध्येच बोलली. "नवऱ्याची एवढी ऐटबाज गाडी, अन् ही सोमेश्वरला दर्शनाला जायची ती स्कूटीवर. अख्खी वस्ती हसायची. केस विस्कटत्यात बाईसाहेबांचे!"

हा टोमणा तिनं तीन वर्षांत किती वेळा मारला असेल, त्याला गणती नाही. सुवर्णानं आजही मान खाली घातली.

दीपकनं उजवीकडचं दार उघडून पाहिलं, मग फेरी मारून डावीकडचं उघडलं आणि वाकला. "अरेच्चा! मावशी, ही सीट तर कोरी आहे. वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही!"

लंकाबाई ओट्यावरून उतरली. गुडघा धरत शेडपर्यंत आली. उजवीकडची सीट वापरून मऊ पडलेली, कडेला चामडं उजळ झालेलं. डावीकडच्या सीटवर मात्र प्लॅस्टिक तसंच ताणून बसवलेलं. गाडी जुनी घेतली होती, सीट फाटक्या होत्या, म्हणून गोरक्षनं द्वारका चौकातल्या दुकानातून दोन्ही नव्यानं शिवून आणल्या होत्या. एवढं तिला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

"हे काय गं?"

सुवर्णानं चहाचा ट्रे खाली ठेवला. "तुम्ही बसायच्या होतात आधी."

त्यांच्या घरात नवं काही आलं की पहिला मान थोरल्या बाईचा. ट्रॅक्टर आला तेव्हा लंकाबाई आधी चढली, टेम्पो आला तेव्हा नारळ फुटल्यावर पुढच्या सीटवर आधी ती. अर्थात मान पहिल्या दिवसापुरताच. दुसऱ्या दिवसापासून पुढं नवरा आणि ड्रायव्हर, आणि ही मागं क्रेटवर, बाजारापर्यंत. तीस वर्षं ती तशी गेली. लाल गाडी आली त्या दिवशीही ती नारळ घेऊन बाहेर आली होती. दोनच सीट पाहिल्या, एक लेकाची, एक सुनेची, असा तिचा तिनंच हिशेब केला, आणि "तुमच्या राजा-राणीच्या गाडीत माझं काय काम?" असं म्हणून नारळ तसाच देवघरात परत नेऊन ठेवला. गोरक्षनंही मग आग्रह केला नाही. लेक तिचाच होता, मान ताठ.

"ते म्हणायचे," सुवर्णा हळू आवाजात सांगू लागली, "आई जन्मभर क्रेटवर बसून गेली. आता अशी गाडी घेतो की हिला मागं बसवायची सोयच नको. एक सीट माझी, एक तिची."

लंकाबाईनं दाराला धरलं.

"अन् मला का नाय सांगितलं?"

"शपथ घातली होती. म्हणाले, बोलावून आई यायची नाही. एक दिवस तिचं तीच म्हणेल, चल रे, फिरव मला. तोवर या सीटवर कुणी नाही बसायचं. मीसुद्धा नाही."

"तीन वर्षं?"

"हो."

"अन् तो गेल्यावर? हे अकरा महिने तोंडाला काय झालं होतं?"

"तेव्हा सांगून काय करायचं होतं, आई? तुम्हाला रडवायचं होतं का मी?"

लंकाबाई दीपककडे वळली. "बाबा, तू जरा ओट्यावर जाऊन चहा पी. निवतोय."

तो गेल्यावर तिनं चपला काढल्या, देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा. पदर कमरेला खोचला आणि वाकून, अंग चोरून, कण्हत त्या सीटवर बसली. प्लॅस्टिक करकरलं. खाली एवढी खोल जागा होती की समोर नुसतं आभाळ आणि गुलाबाच्या पॉलीहाऊसचा पांढरा कागद दिसत होता. शेजारची सीट रिकामी. हात आपोआप तिकडे गेला, आणि तिनं तो मागे घेतला.

"झाला माझा मान," ती म्हणाली. "हात दे."

सुवर्णानं तिला ओढून उठवलं. मग लंकाबाईनं नखानं प्लॅस्टिकची कड उचलली आणि ते फाडून काढलं. चर्रर्र आवाज झाला. आतून नव्या चामड्याचा वास आला, तीन वर्षं कोंडलेला.

"बस आता तू."

"मी?"

"मग काय मी चिमाजीला बसवू?"

सुवर्णा बसली. लंकाबाई गाडीला वळसा घालून गेली आणि लेकाच्या जागेवर, स्टिअरिंगच्या मागं, प्लॅस्टिकचा बोळा मांडीवर घेऊन स्वतःला कशीबशी कोंबून बसली. स्टिअरिंगवर दोन ठिकाणी चामडं झिजून गुळगुळीत झालं होतं. तिनं नेमके तिथंच हात ठेवले. दोन सीट, दोन विधवा, आणि गाडी जागची हलत नव्हती. कुणाला चालवताही येत नव्हती.

सुवर्णा रडायला लागली. अकरा महिन्यांत कधी असं मोकळं रडली नव्हती. लंकाबाई समोर बघत राहिली. माफी मागायची म्हणजे काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनंही कधी शिकून घेतलं नव्हतं.

"नाय विस्कटत गं केस हिच्यात," ती शेवटी म्हणाली.

सुवर्णानं तिच्याकडे पाहिलं. रडणं थांबलं नाही, पण तिनं आपला हात स्टिअरिंगवरच्या त्या जुन्या हातावर ठेवला.

दीपक कप घेऊन शेडच्या तोंडाशी आला. त्याला सगळं कळलं नसलं तरी बरंच कळलं होतं. "मावशी, ठेवायची असेल तर ठेवा. माझं काही म्हणणं नाही."

"शब्द दिलाय तुला. अन् ठेवून करू काय? बसवणारा कुठं हे?" लंकाबाई म्हणाली. "हात दे, उठव मला."

दीपकनं बरोबर आणलेली बॅटरी जोडली, आणि गाडी सुरू झाली तेव्हा दोघी ओट्यावर उभ्या होत्या. तोच आवाज. पॉलीहाऊसमधल्या बाया काम सोडून बाहेर आल्या. गाडी फाटकातून सरळ निघाली, सरळ गतिरोधकाकडे.

"तिरपी!" लंकाबाई ओरडली. तिला धाप लागली तरी ती अनवाणी फाटकापर्यंत धावली. "अरे तिरपी घे! पोट घासंल तिचं!"

दीपकनं करकचून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मग जरा मागं आली, तोंड वळवलं, आणि आधी एक चाक वर चढलं, मग दुसरं. काही घासलं नाही.

आवाज गंगापूर रोडला लागला, मोठा झाला, मग लांब गेला. सुवर्णा तिच्या चपला घेऊन मागून आली आणि त्या तिच्या पायाशी ठेवल्या. लंकाबाईनं त्या घातल्या नाहीत. फाडलेल्या प्लॅस्टिकचा बोळा अजून तिच्याकडेच, मुठीत होता, आणि ती कान देऊन उभी होती.