राणीचे चुडे

पुसदच्या खोलीत मी एकाच वेळी तीन चित्रकथा काढत होतो. एकीत ससा, दुसरीत गुप्तहेर, तिसरीत राणी. तिन्ही संपादकांना चित्रं एकाच टपालानं हवी होती. मला काय सहा हात होते?

आमची याडी, म्हणजे आई, तांड्यावरून आली होती. तिनं राणीच्या कथेतल्या राजाच्या जळत्या चितेवर बोट ठेवलं, मग पुढच्या चौकटीतल्या राणीवर.

"राजा मेला ना रे? मंग हिच्या दंडात चुडे काहून?"

आमच्यात नवरा गेला की बाईच्या दंडातले चुडे उतरवतात. घाईत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चिडून मी चुडे झाकायला पांढरा रंग उचलला.

याडीनं माझा हात धरला. बापू, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून तिचे दंड मोकळेच होते.

"राहू दे," ती म्हणाली. "तिले तरी राहू दे."