शुभाचा बंब

शुभाला खोटं बोलता येत नाही, आणि ज्यांना येत नाही त्यांनी त्या भानगडीत पडू नये. पण सासरे, मोरेश्वरराव, नागपूरहून अमेरिकेत शॉमबर्गला आले, दुसऱ्याच दिवशी गराजमध्ये डोकावले आणि म्हणाले, "हे तांब्याचं एवढं मोठं काय गं?" आणि ही बया बोलून गेली, "बंब आहे, बाबा."

बंब. चोवीस तास नळाला गरम पाणी असलेल्या घरात.

होतं ते बिअर उकळायचं भांडं. तीन महिने शनिवार-रविवार खपून तिनं तांब्याचा पत्रा वाकवला, सांध्यांना झाळ दिली, पाणी भरून गळती शोधली, पुन्हा झाळ दिली. घरी बिअर करणाऱ्यांचा क्लब होता, त्या लोकांसमोर येत्या शनिवारी यात पहिली बिअर करायची होती. पण मोरेश्वरराव सुपारीच्या खांडालाही न शिवणारे. त्यांच्या मनातून आपण उतरू, अशी तिला भीती होती. नवऱ्याला, राजेशला विचारलं, तर तो "मला यात ओढू नकोस यार" म्हणून मीटिंगला पळाला.

मोरेश्वरराव मात्र बंब म्हटल्यावर खुलले. झाळ देताना पडलेले काळे डाग पाहून हळहळले. इंडियन स्टोअरमधून चिंच आणवली, मीठ घेतलं, आणि शुभा ऑफिसला गेली की बाह्या सरसावून बसायला लागले. तिच्या व्हिनेगरला दाद न देणारे डाग चार दिवसांत गेले. भांडं आतून-बाहेरून असं लखलखलं की तिला फार आनंद झाला, आणि तेवढीच लाजही वाटली.

गुरुवारी ती घरी आली तर भांडं पालथं, बुडावर खडूनं गोल काढलेला आणि बाबांच्या हातात ड्रिल.

"मधलं नळकांडं विसरलीस तू," ते म्हणाले. "निखारे कुठे घालणार? भोक पाडून देतो."

शुभाची बॅग खाली पडली. "बाबा, थांबा. बंब नाहीये तो. बिअरचं भांडं आहे. मी घरी बिअर बनवते, दोन वर्षं झाली. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. सॉरी."

मोरेश्वररावांनी ड्रिल शांतपणे तिच्या हातात दिलं. ते हलकं लागलं म्हणून तिनं पाहिलं, तर बॅटरीच नव्हती.

"अगं, तीस वर्षं बंबाच्या पाण्यानं आंघोळ केलीय मी," ते म्हणाले. "आणि त्या कोपऱ्यात जवाची पोती, ती काय आंघोळीच्या पाण्यात घालायची? बिअर जवाची होते, एवढं मलाही ठाऊक आहे. पाहिलं त्याच दिवशी कळलं मला. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. पण तू ढिम्म."

"रागावलात?"

"बिअरचा नाही आला राग. तू मला घाबरलीस, त्याचं वाईट वाटलं."

शुभानं ओलं फडकं घेतलं आणि खडूचा गोल पुसायला लागली. बाबांनी भांडं धरलं.

"शनिवारी मीही येणार," ते म्हणाले. "पिणार नाही हं मी. पण भांडं घासलं कोणी, हे तिथे सगळ्यांना सांगायचं."