हेराची मोजणी

श्रीवत्सला नाटकात हवालदाराचं काम द्यायला मधुकररावांचा साफ विरोध होता. कारण काय, तर पोराचं मराठी! कॉलेजात कन्नडमधून शिकवणारा, ‘येऊन सोडतो, जेवून सोडतो’ असं कानडी वळणाचं बोलणारा हा मास्तर रंगमंचावर उभा राहिला तर नाटक लिहिणारे स्वर्गातले वकीलसाहेब कपाळावर हात मारून घेतील, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी तोंडाने सांगितलं नाही, वहीत लिहून दाखवलं. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताने त्यांची वाचा नेली होती आणि ती अजून पुरती परत आली नव्हती.

नाटक म्हणजे एक फार्स. एकाहत्तरच्या लढाईत धारवाडच्या मराठी मंडळातल्या एका वकिलांनी लिहिलेला. तेव्हा खिडक्यांना काळे कागद होते आणि लोकांच्या डोक्यात हेर. परक्या माणसाने नुसता पत्ता विचारला तरी पोलिसांकडे वर्दी जायची. वकिलांनी त्या भीतीचीच टर उडवली. शत्रूचा हेर कासाराच्या वेषात गावातल्या सप्तापूर भागात शिरतो, सगळे एकमेकांवर संशय घेतात आणि ह्याला मात्र बोलावून चहा पाजतात! शेवटी हवालदार त्याला झटपट बांगड्या मोजायला लावतो. घाईत माणूस आपल्याच भाषेत मोजतो. हेराच्या तोंडून ‘अगडम, बगडम, तिगडम’ निघतं आणि तो सापडतो. विशीतल्या मधुकररावांनी हा हेर असा रंगवला, की जवानांच्या मदतीसाठी हुबळी, गदग, बेळगावपर्यंत प्रयोग झाले.

यंदा मंडळाने तो फार्स पुन्हा काढायचं ठरवलं, तेव्हा मधुकररावांनी वहीत दोनच शब्द लिहिले, ‘हेर मीच.’ म्हाताऱ्याला खूळ लागलं, असंच सगळ्यांना वाटलं. पण त्यांच्या मनात एकच होतं. चार माणसांपुढे एकदा धड बोलता आलं, तर आपण अजून आपण आहोत; नाही तर उरलेलं आयुष्य ह्या वहीत जाणार.

त्यांच्या बायकोने, विमलाताईंनी कंबर कसली. स्पीच थेरपिस्टने सांगितलं होतं की आकडे बहुधा आधी परत येतात. मग काय, त्या रोज सकाळी नवऱ्याचा हात धरून जिना चढायच्या, उतरायच्या आणि पायऱ्या मोजून घ्यायच्या. धारवाडच्या मराठी घरांत बोलणं मराठी, पण मोजणं कन्नड. शाळेतले पाढेच तसे झालेले. ओंदु, एरडु, मूरु. तीन महिन्यांनी मधुकरराव एकटे मोजू लागले. मग शब्द आले, मग वाक्यं, मग अडखळत का होईना, हेराचं सगळं काम. श्रीवत्सवरचा राग तेवढा गेला नाही. दुसरा हवालदार मिळेना, म्हणून तो राहिला इतकंच.

प्रयोगाला हॉल गच्च भरला. पहिला अंक मधुकररावांनी असा काही ओढून नेला, की विंगेत उभ्या असलेल्या विमलाताईंनी मुठीत घट्ट धरलेला पदर सोडला. दुसराही छान पार पडला. मग शेवटचा प्रवेश आला. हवालदार गरजला, “मोज रे बांगड्या! लवकर!”

“ओंदु,” मधुकरराव म्हणाले. “एरडु, मूरु, नाल्कु...”

शत्रूचा हेर, आणि मोजतोय आपल्या घरातल्यासारखा! फार्सचा कणाच मोडला. चूक मधुकररावांना पाचव्या बांगडीवर कळली आणि कळताक्षणी वाचा पुन्हा गेली. पुढचं वाक्य गेलं, मागचंही गेलं. हातातल्या बांगड्या तेवढ्या किणकिणत राहिल्या. पहिल्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं.

श्रीवत्सने बेडी खाली टाकली आणि खाडकन सलाम ठोकला.

“माफी, साहेब! तुम्ही आपलेच की! चार महिने शत्रूच्या गोटात राहिलात, त्यांचं खाल्लंत, त्यांचं बोललात, पण मोजणी धारवाडची सोडली नाहीत!” मग लोकांकडे वळून तो म्हणाला, “उभे राहा रे सगळे! हे आपल्या गुप्त खात्याचे साहेब आहेत. त्यांना काही विचारू नका, बोलायला बंदी आहे त्यांना. साहेब, तुम्ही नुसती मान हलवून सोडा.”

मधुकररावांनी मान हलवली, अगदी साहेबासारखी. हॉल हास्याने दणाणला आणि लोक खरोखरच उभे राहिले. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

आत मेकअपच्या खोलीत माणसांची झुंबड उडाली. मधुकरराव ती बाजूला सारत श्रीवत्सपाशी गेले. तो मिशी काढत होता.

“तू...” ते म्हणाले, आणि अडकले.

“असू दे हो काका. कळलं की.”

मधुकररावांनी जोरजोराने मान हलवली, नाही म्हणून. कोणीतरी धावत वही आणली. ती त्यांनी दूर लोटली. बोलायची बंदी रंगमंचावर ठीक होती, इथे नको होती. श्रीवत्सने अर्धी मिशी तशीच ठेवली आणि तो हात जोडून उभा राहिला. मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील.

“तू... मला... सांभाळलंस. मी... तुला... कमी... लेखलं. चुकलो. उपकार... झाले... बाळ.”

श्रीवत्स त्यांच्या पायाशी वाकला. मधुकररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण डोळे दुसऱ्याच कोणाला शोधत होते. विमलाताई दाराशी उभ्या होत्या, अपराध्यासारखं तोंड करून. कन्नडमधून मोजायला आपणच शिकवलं आणि त्यानेच ऐन वेळी घात केला, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

“अगं,” मधुकरराव म्हणाले. “तुझे... पण...”

“कळलं हो मला. चला आता घरी, दमलात.”

“नाही. ऐक.”

पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचे उपकार कधी बोलून दाखवले नव्हते. वाचा धडधाकट होती तेव्हा गरज वाटली नव्हती. आता एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, आणि ते तो काढत होते.

“तू... मोजत... राहिलीस. म्हणून... मी... आहे.”

ह्या वेळी विमलाताईंनी त्यांना मध्ये तोडलं नाही, वाक्य पूर्ण होऊ दिलं.