शालूची गोधडी

बहात्तरच्या दुष्काळात कौशल्याबाई आणि ज्योतीराम लातूरकडचं गाव सोडून चिंचवडला आले. त्याला कारखान्यात काम मिळालं, ती कारखान्याच्या कॉलनीत धुणीभांडी करू लागली. त्यातल्या एका घरच्या अरुंधतीबाईंचा तिच्यावर फार विश्वास होता. कपाटाच्या किल्ल्यासुद्धा तिच्यासमोर पडलेल्या असत.

एका दिवाळीत अरुंधतीबाईंच्या सासूबाई पुण्याहून आल्या. सुनेला दिलेला आपला लग्नातला शालू त्यांनी बघायला मागितला. तो सापडेना. अरुंधतीबाईंनी कपाट उपसल्यासारखं केलं आणि कौशल्याबाईचं नाव घेतलं. पोलिसांत काही गेल्या नाहीत, पण घरोघर सांगत सुटल्या. कौशल्याबाईची सगळी कामं गेली. शिफ्टवरची माणसं ज्योतीरामला विचारायची, बायको शालू नेसून कधी दाखवणार. एकदा जेवताना त्यानंही मान खाली घालून विचारलं, "खरं सांग, घेतला होतास का?"

त्या प्रश्नाचा रागही तिनं अरुंधतीबाईंवरच धरला.

पोटासाठी ती गोधड्या शिवू लागली. भांड्यांवर जुने कपडे घेणारी अंबूबाई बोहारीण पिंपरीच्या बाजारात बसायची. तिच्याकडून ती कापड आणी. एक दिवस गाठोड्यातून तोच शालू निघाला. जर काळी पडलेली, पदरावर निरांजनानं जळालेली जागा, आणि तिथं सासूबाईंच्या हातचा रफू. तो रफू कौशल्याबाईनं दर वर्षी ऊन दाखवताना पाहिला होता. अंबूबाईनं सहज सांगितलं, कॉलनीतल्या बाईंनी दिवाळीआधीच स्टीलच्या डब्यांवर दिला होता.

आत्ताच्या आत्ता त्यांच्या दारात जाऊ, असं ज्योतीराम म्हणाला.

"दार लावून घेतील," ती म्हणाली. "मला सगळ्यांदेखत पाहिजे."

संक्रांतीला कॉलनीचं महिला मंडळ गोधड्यांची स्पर्धा भरवी. परीक्षक दोघी: चित्रकला शिकवणाऱ्या सुमेधाबाई आणि अरुंधतीबाई. कौशल्याबाईनं तेवढ्यासाठी गोधडी शिवली. मधोमध पदर, रफूसकट. भोवती जुन्या धोतरांचे पांढरे चौकोन, म्हणजे नजर दुसरीकडे जायलाच नको. टाके इतके बारीक घातले की बोटांची टोकं सुजली. शिवताना ती अरुंधतीबाईंचा चेहरा कसा पडेल ते मनात बघत राही, आणि त्यात तिला सुख वाटे.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. गोधड्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. सुमेधाबाई तिच्या गोधडीपुढे थांबल्या आणि टाके बघून खूश झाल्या. अरुंधतीबाई मागून आल्या. त्यांचा हात गोधडीवर गेला आणि तिथंच राहिला. पाहुणी म्हणून आलेल्या सासूबाईही जवळ आल्या. रफूवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हा माझा शालू."

मागून कौशल्याबाई पुढे झाली. अंबूबाईला तिनं दाराशी बसवून ठेवलंच होतं. तिला आत बोलावून हा कुणी दिला ते सांगायला सांगितलं. अंबूबाईनं अरुंधतीबाईंकडे बोट केलं आणि डब्यांचीही गोष्ट सांगितली.

"आता निकाल द्या, बाई," कौशल्याबाई म्हणाली.

अरुंधतीबाईंनी सुमेधाबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर फिरवली. शेवटी अरुंधतीबाईंनाच बोलावं लागलं. पहिला नंबर, त्या म्हणाल्या, पण आवाज पहिल्या रांगेच्या पुढे गेला नाही. कौशल्याबाईनं त्यांना तेच पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावलं.

पुढच्या आठवड्यात अरुंधतीबाईंचे यजमान कामावर परत बोलवायला आले. तिनं त्यांना उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. मग एका दुपारी सासूबाई एकट्या आल्या. सुनेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. गोधडी राहू दे, फक्त पदर उसवून देशील का, एवढंच त्यांनी विचारलं. चोरीचा आळ आला तेव्हा हिनं घेतला नसेल असं म्हणणारी त्या घरातली ती एकटी बाई होती. कौशल्याबाईला ते माहीत होतं.

"नाही," ती म्हणाली.

म्हातारी भिंतीला धरत पायऱ्या उतरून गेली. कौशल्याबाईनं गोधडी रोजच्या अंथरुणाला घेतली, पोरांनी ती मळवली, आणि पदराच्या चिंध्या होईपर्यंत तिनं ती वापरली.