लतीफच्या हातचं चीज

पाण्याचा ग्लास हवा असला तरी बायकोला, हलिमाला हाक मारणारा माणूस तो. लतीफ एकोणीस वर्षं कुवेतला कंपनीत सुपरवायझर होता आणि परवाच कायमचा गावी, तुडीलला परतला होता. येताना त्यानं पांढऱ्या चीजचा एक जाड ठोकळा आणला होता. हलिमानं तो आपला फ्रीजरमध्ये मटणाशेजारी कोंबला. तिला काय कळतंय त्यातलं!

ती वळते न वळते तोच लतीफ ओरडला, "अगो, बर्फात काय ठेवतेस? भुगा होईल त्याचा! ह्याला मिठाचं पाणी लागतं."

बोलून थांबला का? छे! स्वतःच पातेल्यात मिठाचं पाणी केलं, ठोकळ्याचा तुकडा कापून घेऊन बाकीचा त्यात बुडवला. तुकडा फडक्यानं टिपला, बोटभर जाड चकत्या केल्या आणि तेलाचा थेंबही न घालता तापल्या तव्यावर टाकल्या. वितळायच्या सोडून त्या खरपूस झाल्या. नुसत्या बोटांनी त्यानं त्या उलटल्या.

हलिमा आ वासून बघत राहिली. हा हात सुपरवायझरचा नव्हे, बाई! जन्म चुलीपुढं गेलेल्या बाईला ते कळायचं नाही तर कुणाला?

"खरं सांगा, तिकडं काय करत होता तुमी?"

लतीफचा चेहरा उतरला. "एका घरात खानसामा होतो. सहा पोरं त्यांची, माझ्याच हातचं खायची. गावात कुठल्या तोंडानं सांगणार? पोरीला, मदिहाला बोलू नको गो. बावा मोठे साहेब हायत, असं सगळ्यांना सांगते ती."

हलिमाच्या पायाखालची जमीनच सरकली. साहेबाची बायको म्हणून अख्ख्या गावात मिरवली होती ती! लाज वाटली, पण त्याहून संताप आला. ती तापानं फणफणली तरी उठून स्वतःच पेज शिजवायची, आणि हा बाबा तिकडं परक्या पोरांना गरमागरम वाढत होता!

तेवढ्यात मदिहा महाडहून, कॉलेजातून आली. आल्या आल्या भाकरीवर चकती घेऊन तिनं घास घेतला.

"अम्मी, काय भारी झालंय! तू केलंस?"

लतीफनं डोळ्यांनीच हलिमाची विनवणी केली.

"मी कशाला? तुझ्या बावांनी," हलिमा म्हणाली. "एकोणीस वर्षं तिकडं हेच करत होते. खानसामा होते."

मदिहाचा घास तोंडातच राहिला. लतीफनं मान खाली घातली.

"मग बावा," ती म्हणाली, "सुट्टीवर यायचात तेव्हा आम्हाला एकदाही का नाही करून घातलंत?"

लतीफनं गॅस बंद केला. तव्यावरची शेवटची चकती उचलून त्यानं हलिमापुढं भाकरीवर वाढली.