निशाण कुणी झेललं

“कुणाचा इस्वास बसायचा न्हाय, पर चारशे काठ्या म्या नुसत्या एका बांबूनं माघारी धाडल्या!”

म्हाताऱ्या रुद्रप्पांनी वरच्या आळीच्या तालमीच्या उंबऱ्यातच बैठक मारली. आता बाहेर पडायचं तर त्यांना ओलांडूनच.

आत इतर पोरांसोबत जोतीराम लाठीला तेल चोळत होता. महिनाभर गिरणीची एक पाळी बंद. रिकाम्या हातांना राग काढायला गिरणीच्या साहेबाचा बंगला लांब होता, खालच्या आळीची तालीम जवळ. त्यात आज मिरवणुकीत पुढं चालायचा मान खालच्यांनी मागितला होता.

“वाट सोडा, अप्पा. चारशे काठ्या त्या बोळात मावल्या तरी कशा?”

“उभ्या मावल्या की! तवाबी गिरणी बंदच हुती, आन् तवाबी मानावरनंच पेटलं. आपलं निशाण माज्या कमरंच्या पट्ट्यात, तीस हात उंच. देवळापातुर मातीला टेकवायचं न्हाय, ही रीत. समोरनं खालच्या आळीचा महिपती आला, वाघ नुसता! म्या काय केलं? निशाण त्याच्याच हातात दिलं. दोनी हात गुंतल्यावर मारतोय कशानं? देवळापातुर कोकरावानी चालला. माज्या पाया पडला, म्हनला...”

“खोटं!”

दुधाची घागर घेऊन सोजरबाई रुद्रप्पांच्या पाठीशी उभी होती. महिपतीची विधवा. रोज खालच्या आळीतून ती या तालमीला दूध घालायची. रुद्रप्पांनी मागं न बघताच अंग चोरून तिला वाट दिली.

“तुमी दिलं न्हाय, अप्पा. दगड लागून तुमी पडला. निशाण कललं, ते आमच्या मालकांनी झेललं. दुसऱ्या आळीचं, तरी मातीला लागू दिलं न्हाय. दोनी हात बांबूला, डोस्कं उघडं. ह्याच तालमीची लाठी बसली.”

जोतीरामचा तेलाचा हात थांबला.

“देवळात निशाण उभं केलं, मगच खाली बसले. परत उठले न्हाईत.” सोजरबाईची मान ताठ होती. तिनं घागर उतरवली. “आज निशाण कुणाच्या कमरंला हाय रं, जोतीराम?”

निशाण कोपऱ्यात भिंतीला टेकून होतं. आज प्रत्येकालाच हात मोकळे हवे होते.

 जोतीरामनं लाठी बाजूला ठेवली, निशाणाकडं वळला आणि धोतराच्या सोग्याला तळहातांचं तेल पुसायला लागला, बोटाबोटांतलं, अगदी कोरडं होईपर्यंत.