प्रार्थनेच्या पेटीला फुटलेला घाम

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि जात्याच भित्री आहे. सुतारकाकांनी मला चर्चमधल्या एका मोडक्या बाकापासून बनवलं. त्या बाकावर बसून लोकांनी इतकी लांबलचक प्रवचनं ऐकली होती, की माझ्या फळ्या अजून दुपारच्या घोरतात. खोटं वाटत असेल तर कान लावून बघा. काकांनी मला बाहेरून गुळगुळीत केलं, पण आतून रंधा मारायचा कंटाळा केला. म्हणाले, "आत कोण बघायला जातंय?"

मला शाळेच्या प्रार्थनाघरात दाराशी ठेवलं. मुली देवाला चिठ्ठी लिहायच्या आणि घडी घालून माझ्या फटीतून आत टाकायच्या. दर शुक्रवारी म्हाताऱ्या सिस्टर यायच्या, मला उघडायच्या आणि चिठ्ठ्या न वाचता मातीच्या कुंडीत जाळायच्या. एकीने विचारलं, "सिस्टर, वाचावंसं नाही वाटत तुम्हाला?"

"वाटतं की. म्हणून तर चष्मा खोलीत ठेवून येते."

बावीस वर्षं असं चाललं. मग नव्या मुख्याध्यापिका आल्या. बाई वाईट नव्हत्या हो. मुलींची आत्मिक वाढ व्हावी असं त्यांना मनापासून वाटायचं. फक्त ती डोळ्यांना दिसली पाहिजे, असंही वाटायचं. त्यांनी प्रगतिपुस्तकात तिच्यासाठी रकाना काढला. दर सोमवारी सभेत माझ्यातली एक चिठ्ठी काढून मोठ्याने वाचायची, आणि लिहिणारीला त्या रकान्यात तारा.

सिस्टर म्हणाल्या, "बाई, पातेल्याचं झाकण सारखं उघडलं की वाफ जाते."

"पण सिस्टर, शिजलंय का ते कळायला नको?"

आठवड्याभरात जगात शांतता हवी असलेल्या एकशे बारा मुली निघाल्या. एकीने लिहिलं, 'प्रभू, माझ्या शत्रूला क्षमा कर. तिचा हजेरी क्रमांक चौदा.' मी हसले, पण आतून टरकलेच होते. कधीतरी एखादी खरी चिठ्ठी पडणार, आणि मग काय?

सहावीत एक मुलगी होती. आवाज एवढासा, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. आईच्या आजारपणात ती तीन आठवडे घरीच होती. नवा नियम तिला माहीतच नव्हता. सोमवारी सकाळी आली आणि चिठ्ठी टाकली. मी वाचली. आत बसून दुसरं काय करणार?

'प्रभू, आई आजारी पडल्यापासून मला तू आहेस असं वाटत नाही. हे आईला सांगू नकोस. ती तुझ्याच भरवशावर आहे.'

नाव नव्हतं. पण आईच्या दुखण्याची गोष्ट शाळेभर झाली होती. तेवढ्यात चिमणीने माझ्यावर चिकटवलेली सूचना वाचली आणि पांढरीफटक पडली. तिने फटीत पट्टी घातली, इकडून तिकडून खरवडलं.

"काय गं, पेटी फोडतेस का?" शिपाईमामा मागेच उभे. "सभा सुरू होतेय, चल."

"मामा, माझं आत पडलंय."

"मग बाई काढतीलच की आता."

त्यांनी मला उचलून थेट व्यासपीठावर नेलं. माझ्या बिजागऱ्या लटपटत होत्या. मी ती चिठ्ठी एकशे बारा शांततांच्या खाली दडवली. कशी ते विचारू नका, भीती सगळं शिकवते. पण बाईंनी कोपरापर्यंत हात घातला. त्यांना तळातलीच हवी होती. मग मी चावले. शपथेवर सांगते, कचकन चावले. तरी त्यांनी चिठ्ठी सोडली नाही.

"प्रभू, आई आजारी..." एवढं वाचून बाई थांबल्या. पुढचं त्यांनी मनात वाचलं. माना वळायला लागल्या. चिमणी बुटांकडे बघत होती. माझ्यात श्वास असता तर कोंडला असता.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बोट वर केलं. "बोटात कुसळ गेलंय. आज वाचन नाही." चिठ्ठी घडी घालून परत माझ्या पोटात. मुलींना वाटलं, कुसळानेच रडू आलं. ते श्रेय मी अजून घेते.

सभा सुटल्यावर बाई प्रार्थनाघरात चिमणीशेजारी येऊन बसल्या.

"आईला सांगणार?" चिमणीने विचारलं.

"नाही. सांगू नकोस असं लिहिलंय ना तू."

"ते मी तुम्हाला नव्हतं लिहिलं."

बाई म्हणाल्या, "हो. चुकलंच माझं." मग त्यांनी विचारलं, "जेवते का आई?"

"पेज घेते. मी भरवली तर."

मग चिमणी बोलत राहिली. देव आहे की नाही, ते बाईंनी तिला विचारलं नाही, सांगितलंही नाही. दुपारी माझी किल्ली सिस्टरांकडे परत गेली आणि तो रकाना खोडला गेला.

मित्रांनो, मला अजून भीती वाटते. वाईट माणसांची नाही, ती पेट्या उघडत बसत नाहीत. उद्या पुन्हा कुणी चांगल्या मनाचं माणूस येईल आणि आत डोकावेल, त्याची. म्हणून एवढं सांभाळा. कुणी देवाशी भांडत असेल तर भांडू द्या. दाराला कान लावू नका. बाहेर बाकावर बसा, आणि शेजारी थोडी जागा ठेवा.